लोहारीण आणि पापडासारखे मोडणारे विळे

फार फार पूर्वी, म्हणजे विळा घ्यायला बाजारात न जाता थेट लोहाराच्या दारात जायला लागायचं तेव्हा, एका गावात एक लोहारीण होती. लोहारीण म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, लोहाराची बायको, घरात भाकऱ्या थापत असेल. थापायचीच की! पण भाकऱ्या झाल्या की पदर खोचून बाहेर यायची आणि घण घालायची. साधा हातोडा नाही हं, घण! दोन्ही हातांनी उचलायचा, डोक्याच्या वर न्यायचा आणि धाण्णकन ऐरणीवर आणायचा. गावातले स्वतःला पैलवान म्हणवणारे लोकसुद्धा तिच्याशी भांडायच्या भानगडीत पडायचे नाहीत.

घरात माणसं तीन. म्हातारी सासू भाता ओढायची, लोहार सांडशीत तापलेलं लोखंड धरायचा आणि ही घण घालायची. गावाची सगळी अवजारं यांच्याकडंच व्हायची. त्याबदल्यात सुगीला प्रत्येक खळ्यावरून धान्य मिळायचं. वर्ष निघायचं.

आता विळा नुसता ठोकून होत नाही, बरं का. त्याला पाणी द्यावं लागतं. म्हणजे विळा लालबुंद तापवायचा आणि फक्त त्याची धार पाण्याच्या डोणीत बुडवायची. चर्रर्र! धार एकदम कडक होते. कडक म्हणजे इतकी कडक, की जरा कुठं आपटली तर टक्कन मोडेल. म्हणून विळा लगेच बाहेर काढायचा, धार विटेवर घासून चकचकीत करायची आणि थांबायचं. पाठीत राहिलेली ऊब हळूहळू धारेकडं चालत येते. तसा धारेचा रंग बदलतो. आधी पांढरी, मग वाळल्या गवतासारखी पिवळी, मग तपकिरी, मग जांभळी. जांभळी झाली रे झाली की अख्खा विळा पाण्यात! असा विळा धोंड्यावर बसला तरी मोडत नाही.

त्या थांबण्याच्या वेळात हाताला काही काम नसतं. घण टेकवून ठेवायचा आणि रंगाकडं बघत बसायचं. लोहाराला मात्र गप्प बसवायचं नाही. तेवढ्या वेळात तो वाट्टेल ते बोलायचा.

"काय गं, आपले पाटील रात्री मिशा काढून खुंटीला अडकवत असतील का?"

"गप बसा हो, रंग निघून जाईल."

"रंग कुठं जातोय? मिशा गेल्या तर पंचाईत."

म्हातारी तिकडं तोंडाला पदर लावून हसायची. दिवसभराच्या ठणठणाटात नवरा-बायकोचं निवांत बोलणं व्हायचं ते एवढंच.

मग एका पावसाळ्यात लोहाराला ताप आला. वैद्यानं काढे दिले, देवऋष्यानं अंगारा दिला, म्हातारीनं देव पाण्यात ठेवले. कशाचाच उपयोग झाला नाही. लोहार गेला.

गाव गोळा झालं. आलेल्या प्रत्येकानं लोहारणीला एकच गोष्ट सांगितली, "मन घट्ट कर." कुंभारीण म्हणाली मन घट्ट कर, न्हावी म्हणाला मन घट्ट करा वहिनी, पाटीलही म्हणाला, "लोखंडात आयुष्य गेलं तुझं बाई, आता लोखंडासारखी हो."

तिनं खरंच केलं की घट्ट! तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत लोहारणीच्या दारातून ठण ठण ठण ऐकू यायला लागलं. आता सांडशीही तिच्याच हातात आणि हातोडाही. म्हातारी भात्यावर. विळे काय, खुरपी काय, एकामागून एक.

गाव चाटच पडलं. "ह्याला म्हणतात बाई! डोळ्यात टिपूस नाही!"

"बाई कसली, पोलाद आहे पोलाद!"

न्हावी तर ज्याची दाढी करेल त्याला सांगायचा, "नाहीतर आमचा मेव्हणा बघा. म्हैस मेली तर महिनाभर अंथरुणात! म्हटलं, लोहारणीचं तीर्थ आणून पाजू का तुला?"

हे सगळं लोहारणीच्या कानावर यायचं. पहिल्यांदा बरं वाटलं. पण मग एक घोटाळा झाला. एकदा का गावानं पोलाद म्हटलं, की रडायची सोय उरत नाही. पोलाद कधी रडतं का?

त्याहून मोठा घोटाळा पहिल्याच दिवशी झाला होता, तो मात्र कुणाला कळला नव्हता. काय झालं होतं सांगतो. तिनं पहिला विळा तापवला, धार डोणीत बुडवली, चर्रर्र झालं. विळा बाहेर काढला, विटेवर घासला आणि ती थांबली, सवयीनं. आणि सगळीकडं शांत झालं. ठोकणं बंद, भाता बंद. तिचे कान आपोआप डावीकडं, लोहार बसायचा तिकडं, गेले. तिथून आता काहीतरी येडंबागडं बोलणं यायला पाहिजे होतं. आलं नाही. तिच्या छातीत असं काही खोल खोल गेलं, की आता आपण इथंच कोसळतो असं तिला वाटलं. धार अजून पांढरीच होती. तिनं विळा तसाच डोणीत कोंबला आणि लगेच दुसरं लोखंड ऐरणीवर घेतलं. ठण ठण ठण! आवाज सुरू झाल्यावर तिला श्वास घेता आला.

त्या दिवसापासून लोहारीण थांबलीच नाही. एकाही विळ्याला नाही.

म्हातारीनं एकदा विचारलं, "रंग बघितलास का गं पोरी?"

"बघितला, आत्या."

"जांभळा?"

"जांभळाच. ओढा भाता."

म्हातारीनं मान खाली घातली आणि भाता ओढला.

नवे विळे घरोघर गेले. लोक खूश! धार कसली, नुसता हात फिरवला तर कापेल. "नवऱ्यापेक्षा हिचाच हात भारी," असंही कुणीतरी म्हणालं. मग ज्वारी पिवळी पडली, काढणी सुरू झाली आणि मजा बघा. पहिल्याच दिवशी एकाचा विळा मातीतल्या खड्यावर बसला. टक्! दोन तुकडे. शेजारच्या पातीत, म्हणजे ओळीत, कापणारा हसला, "काय रे, विळा आणलास का पापड?" आणि त्याचं हसू ओठावर असतानाच त्याचा विळा, टक्! दुपारपर्यंत शिवारभर टक् टक् चाललं होतं. एका गड्याच्या विळ्याचा तुकडा उडाला तो सरळ त्याच्या गालात घुसला. बोटभर वर गेला असता तर डोळाच गेला असता.

पाटील मोडक्या विळ्यांचं गाठोडं घेऊन लोहारणीच्या दारात आला. मागं निम्मं गाव. गालाला फडकं बांधलेला गडीही होता.

पाटलानं गाठोडं ऐरणीजवळ ठेवलं. "बाई, हे काय झालं?"

लोहारीण तुकड्यांकडं बघत राहिली. एका घरच्या सुगीला लागतात त्याहून कितीतरी जास्त विळ्यांचे ते तुकडे होते.

"नवरा होता तोवर ठीक होतं," मागून कुणीतरी बोललं. "बाईच्या जातीचं काम नाही हे."

"तूच म्हणाला होतास ना रे, नवऱ्यापेक्षा हात भारी?" दुसऱ्यानं टोमणा मारला. "आता का फिरलास?"

"गप बसा रे!" पाटील ओरडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघ, तुझ्यावर माझा राग नाही. पण ज्वारी उभी आहे, पाखरं खाऊन चाललीत. नदीपलीकडचा लोहार म्हणतोय मी येतो. तो आला की ही जागा त्याची, खळ्यावरचं धान्यही त्याचं. मग तू आणि म्हातारीनं काय करायचं, हे माझ्याच्यानं सांगवत नाही. उद्या सकाळी मला एक विळा दे. वेशीवरच्या बाभळीवर मी स्वतः मारून बघीन. टिकला तर गाव तुझं."

पाटील गेला. लोकही गेले. लोहारणीनं पदर खोचला.

तिच्या डोक्यात एकच आलं. विळे मोडतायत म्हणजे कमी कडक झालेत, अजून कडक करायला पाहिजेत. संकटात सापडलेला माणूस कसा असतो बघा, ज्यानं घात झाला तेच दुप्पट करतो! विहिरीचं गार पाणी आणून तिनं डोण भरली. लोखंड आधीपेक्षा जास्त तापवलं. चर्रर्र! बाहेर काढून ऐरणीवर आपटून बघितलं. टक्. दुसरा विळा दोनदा बुडवला. टक्. तिसरा तर डोणीतच तडकला.

"भाता ओढा, आत्या."

भाता हलला नाही.

"आत्या, ओढा ना! दिवस चाललाय."

म्हातारीनं भात्याची दोरी सोडली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. "नाही ओढत."

"गाव सोडायला लागेल उद्या!"

"सोडू. बोचकं बांधायला कितीसा वेळ लागतोय? पण तू विळा पांढराच डोणीत घालणार असशील तर मी भाता ओढत नाही."

लोहारणीच्या हातातली सांडशी तशीच राहिली.

"तू थांबत नाहीस," म्हातारी म्हणाली. "पहिल्या दिवसापासून थांबत नाहीस. तुला काय वाटलं, मला म्हातारीला दिसत नाही? जन्म गेला माझा या आगीपुढं."

"मग बोलला का नाहीत इतके दिवस? इतके विळे गेले! त्या गड्याचा डोळा गेला असता!" लोहारीण चिडली. खरं तर स्वतःवरच चिडली होती.

म्हातारीनं निखारे सारखे केले. मग म्हणाली, "तू थांबली असतीस तर मलाही थांबायला लागलं असतं."

लोहारणीला एकदम काहीतरी लख्ख दिसलं. नवरा तिचा गेला होता, हे सगळं गाव तिला सांगून गेलं होतं. पण या भात्यापाशी बसलेल्या बाईचा पोरगा गेला होता. आणि इतक्या दिवसांत तिनं तिला एकदाही विचारलं नव्हतं, की आत्या, तुम्ही कशा आहात? नुसतं भाता ओढा, भाता ओढा.

ती ऐरणीपासून उठली आणि म्हातारीजवळ जाऊन खाली बसली.  विस्तवावर राख चढायला लागली.

"ओढू का आता?" शेवटी म्हातारीनंच विचारलं.

"ओढा."

विळा तापला. ठोकून झाला. पुन्हा तापला, लालबुंद. लोहारणीनं धार डोणीत बुडवली, बाहेर काढली, विटेवर घासली. आणि थांबली.

शांत झालं. तेच ते खोल खोल परत आलं. तिचा हात डोणीकडं निघालासुद्धा. म्हातारीनं तिचं मनगट धरलं.

"बोल काहीतरी. तो बोलायचा."

"काय बोलू?"

"काहीही बोल. तो तरी कुठं शहाण्यासारखं बोलायचा?"

लोहारणीला हसू आलं आणि हसता हसता ती हमसून हमसून रडायला लागली. इतके दिवस साठलेलं सगळं! "फार घोरायचे हो," ती रडत रडत म्हणाली. "मला झोप लागायची नाही. आणि आता घोरणं नाही म्हणून लागत नाही."

"बापावर गेला होता," म्हातारी नाक ओढत म्हणाली. "याचा बाप घोरायचा तेव्हा शेजाऱ्यांची गाय दावं तोडायची."

"खोटं!"

"तुझ्या गळ्याशप्पथ!"

मग काय, एकीचं झालं की दुसरीचं. लहानपणी त्यानं चिमटीत निखारा उचलून बघितला होता ते म्हातारीनं सांगितलं. लग्नात बोहल्यावर त्याला शिंक आली आणि सगळ्या अक्षता भटजींच्या तोंडावर उडाल्या, ते हिनं सांगितलं. दोघी रडत होत्या, हसत होत्या, पुन्हा रडत होत्या. आणि मग म्हातारी ओरडली, "अगं रंग!"

जांभळा रंग कधीच येऊन गेला होता. धार चक्क निळी पडली होती. निळी म्हणजे जास्त ऊब खाल्लेली, मऊ. लोहारणीनं विळा ऐरणीवर दाबून बघितला. मोडला नाही. पण वाकला तो वाकलाच, सरळ होईना.

"गेला की हो कामातून!"

"जाऊ दे. रडायचं राहिलं होतं, ते झालं. आता डोळे पूस आणि दुसरा घे."

दुसरा विळा घेतला. धार बुडवली, काढली, घासली, थांबली. याही वेळी डोळे भरून आले, पण नजर धारेवर राहिली. पांढरी धार पिवळी झाली. म्हातारी हळूच काहीतरी सांगत होती, लोहारीण हुं हुं करत होती. पिवळी तपकिरी झाली. पाठीकडून ऊब येतच होती. तपकिरीत जांभळा रंग उतरला, कोवळ्या वांग्यासारखा.

"आला!"

चर्रर्र.

सकाळी वेशीवरच्या बाभळीभोवती ही गर्दी! नदीपलीकडचा लोहारही येऊन उभा होता, खांद्यावर त्याचा भाता घेऊनच. गालाला फडकं बांधलेला गडी मात्र पार लांब, देवळाच्या पायरीवर. "पुढं ये की," कुणीतरी म्हणालं. "मी आपला इथंच बरा," तो म्हणाला. "एक गाल अजून शिल्लक आहे."

लोहारणीनं विळा पाटलाच्या हातात दिला.  एका घावावर सगळं होतं. घर, ऐरण, म्हातारीचं म्हातारपण.

पाटलानं हात उगारला आणि बाभळीवर घाव घातला. कच्चकन विळा खोडात रुतला. पाटलानं ओढला, निघेना. त्यानं जोर लावून विळा आडवा पिरगाळला. पातं वाकलं. "मोडला, मोडला!" गर्दीतून आवाज आला. पाटलानं पुन्हा हिसका दिला, विळा सुटला आणि टणत्कार करून सरळ झाला. पाटलानं धारेवरून बोट फिरवलं. साधा खवलाही उडाला नव्हता.

एकच गलका झाला. न्हावी तर उड्याच मारायला लागला, "मी म्हणत नव्हतो? पोलाद आहे, पोलाद!"

"भाऊजी, एक करा," लोहारीण म्हणाली. "मला पोलाद म्हणू नका."

न्हाव्याच्या उड्या थांबल्या.

"तुम्ही सगळे म्हणालात मन घट्ट कर. चांगल्या मनानं म्हणालात. मी केलं. इतकं केलं की थांबायची भीती वाटायला लागली. थांबलं की ते आठवायचे. म्हणून विळ्यांसाठीही थांबले नाही, नुसते कडक करून तुमच्या हातात दिले. ते मोडले, ती माझी चूक. काल सासू-सून बसलो, पोटभर रडलो, मग हा विळा झाला."

पाटलानं मिशीवरून हात फिरवला.  शेवटी म्हणाला, "आम्हालाही कळायला पाहिजे होतं. बाई रडत नाही म्हणून कौतुक करत बसलो. नुसतं बसायला कुणी आलं नाही."

मग तो नदीपलीकडच्या लोहाराकडं वळला. "पाव्हणं, दमून आलायसा, जेवून जावा. कामाला मात्र आमच्या गावाची लोहारीण आहे."

दिलेले सगळे विळे लोहारणीनं परत मागवले, मोडलेले आणि न मोडलेलेही. एकेकाला पुन्हा आगीत घातलं, एकेकासाठी थांबली. घाई करणाऱ्यांना म्हातारीच दटावायची, "बस की जरा. ज्वारी काय पळून चाललीय?" आणि लोक बसायला लागले. बसलं की माणूस बोलतो. कुणी आपल्या गेलेल्या भावाचं काढायचं, कुणी पुरात वाहून गेलेल्या घराचं. एक बाई तर पाळण्यातच गेलेल्या आपल्या बाळाचं, कधीच कुणाशी बोलली नव्हती ते, बोलून गेली, आणि जाताना विळा न्यायचाच विसरली. म्हातारीनं तो मागून पळत जाऊन दिला.

लोहारीण काही एका दिवसात बरी झाली नाही. अधूनमधून रंग बघता बघता डोळ्यांतून पाणी यायचं. रस्त्यानं जाणारं एखादं माणूस म्हणायचं, "अजून रडतेस होय गं?"

"रडते की," ती म्हणायची. "सरका जरा, उजेड अडवताय. रंग दिसत नाही."

शेवटचा विळा झाला त्या दिवशी ऊन अजून चांगलं वर होतं. तिनं धार घासली आणि थांबली. त्या दिवशी म्हातारीही बोलली नाही आणि हीही बोलली नाही. डावीकडं शांत होतं. लोहारणीनं ती शांतता तशीच राहू दिली. पिवळा आला, तपकिरी आला, जांभळा आला. विळा डोणीत गेला.

मग तिनं हातोडा खाली ठेवला आणि कपाळ पुसलं.

"आत्या, आज एवढंच. चला, गरम गरम भाकरी करते."

तात्पर्य: दुःखात मन घट्ट करावंच लागतं, पण नुसतं घट्ट केलेलं मन पहिल्याच खड्यावर मोडतं. आपल्या माणसाजवळ थांबून मनाला पुन्हा थोडी ऊब लागू द्यावी. मग ते घाव बसला तर वाकतं आणि परत सरळ होतं.